कोरड्या तळ्याचा दावा

संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या वकिलीतला एखादा थरारक खटला लिहा." मी म्हटलं, माझ्याकडे नाल्या आहेत. त्यांनी "नाल्या?" असं दोनदा विचारलं आणि मग म्हणाले, चालेल.

तेव्हा आधीच सांगून ठेवते. खून, दरोडा, घटस्फोट यातलं या लेखात काही नाही. माझी बहुतेक सगळी वकिली आमच्या नगर परिषदेच्या बाजूने उभं राहण्यात गेली. गावाचं नाव लिहीत नाही. बुलडाणा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ते आपलंच वाटेल, आणि कोणी अब्रुनुकसानीची नोटीस पाठवलीच तर त्याला आधी हे गाव आपलंच असल्याचं सिद्ध करावं लागेल. सवय जात नाही.

माझं काम असं होतं. गावात कोणी पडलं की त्याला नगर परिषदेने ढकललं नव्हतं, हे मी कोर्टाला सांगायची. माणूस नालीत पडो, खड्ड्यात पडो, नाहीतर बागेतल्या पाळण्यावरून पडो, तो पडेपर्यंत नगर परिषद काय करत होती हा प्रश्न निघतोच. सार्वजनिक जागेच्या जबाबदारीवर कायद्याची जाड पुस्तकं आहेत. पण त्यांचं सार स्वयंपाकघरात उभं राहून सांगता येतं. खाली तेल सांडलंय हे तुम्हाला ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून पुसलं का नाही? बाकीचा सगळा युक्तिवाद असतो.

त्यामुळे नगर परिषदेच्या वकिलाचा पहिला बचाव ठरलेला असतो: आम्हाला ठाऊक नव्हतं. इतर धंद्यांत माणसं आपलं अज्ञान लपवतात. आमच्याकडे ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात. मी अशी कितीतरी लिहिली आणि त्यातली बरीचशी खरीही होती, कारण नगर परिषदेला खरोखरच फार थोडं ठाऊक असतं.

पक्षकारही एकेक भेटले. एक गृहस्थ स्वतःच्या घरासमोरच्या नालीत पडले. नालीवरची फरशी गायब होती, ती नगर परिषदेने बसवली नाही म्हणून दावा. मी जागा पाहायला गेले. घरातल्या बाईंनी आग्रहाने मागच्या अंगणात नेलं, चहा दिला. तिथे धुण्याचा दगड म्हणून जी फरशी होती तिच्यावर नगर परिषदेचा शिक्का होता. चहा चांगला झाला होता, म्हणून तो संपेपर्यंत मी काही बोलले नाही.

दुसरे एक चांगले अंगापिंडाने भरलेले गृहस्थ बागेतल्या लहान मुलांच्या घसरगुंडीच्या नळीत अडकले. काढायला अग्निशमनची गाडी आली. ही घसरगुंडी फक्त मुलांसाठी आहे अशी ठळक पाटी शेजारीच होती. त्यांचे वकील कोर्टात म्हणाले, माझे अशील पाट्या वाचत नाहीत. या वाक्यावर मी हसले खरी, पण त्यात तथ्य होतं. आपल्याकडे लोक पाटी वाचत नाहीत. कोर्ट मात्र वाचतं, म्हणून नगर परिषदेची पाटी कोर्टासाठीच लिहायची असते, हे मी त्या दिवशी पक्कं केलं.

आता कोरडं तळं.

बागेसाठी आलेला निधी मार्चच्या आत खर्चायचा होता. बागेत कारंजं होतं, बाकं होती, सिमेंटचा हत्ती होता. तेव्हाच्या तरुण नगराध्यक्षांनी मोबाइलवर कुठल्या तरी मोठ्या शहरातलं स्केट पार्क पाहिलं आणि ठराव झाला. ज्या ठेकेदाराला काम मिळालं त्याने जन्मभर शेततळी केली होती. त्याने शेततळंच केलं. चारी बाजूंनी उतार, मध्ये सपाट बूड, फक्त प्लॅस्टिकच्या जागी सिमेंट. पण त्याचा गवंडी गुणी निघाला. त्याने काठ गोल केले आणि घोटाई अशी केली की माशीनेसुद्धा धरून बसावं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फीत कापली आणि विचारलं, "पाणी कवा सोडून राह्यले?"

लोकांनी त्याला कोरडं तळं नाव दिलं, ते कायम झालं.

त्यात कोण खेळणार हे कोणालाच माहीत नव्हतं. पण पोरं आली. कुठून कुठून पैसे जमवून स्केटबोर्ड मागवले, आधी पडली, मग कमी पडू लागली. त्यांत अल्फिया नावाची मुलगी होती. बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान असलेल्या रफिकभाईंची लेक, तेव्हा दहावीत. तिचा पहिला बोर्ड बापाने जुन्या प्लायला चाकं बसवून करून दिला होता. मी सकाळी बागेत फिरायला जायची आणि गुडघे दुखले की तळ्यासमोरच्या बाकावर बसायची. ही पोरगी काठावर उभी राहायची, पुढचा पाय दाबायची आणि खाली जायची. आपण डोळे मिटावेत, आणि उघडले की ती समोरच्या काठावर. वकील म्हणून मी मनात नुकसानभरपाई मोजायची. एरवी मला ते फार आवडायचं. इतकं की गुडघे दुखत नसले तरी बसायची.

तळ्याची पाटी मीच लिहिली होती. हेल्मेट घालावं, लहान मुलांसोबत पालक असावेत, ओल्या जागेत खेळू नये, आणि सगळ्यात खाली: आपल्या जबाबदारीवर खेळावे. या शेवटच्या ओळीवर लोकांचा फार विश्वास असतो. ती लिहिली की आपण सुटलो, असं नगरसेवकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. खेळणारा माणूस त्या खेळातला धोका पत्करून येतो, एवढंच कायदा म्हणतो. बोर्डावरून तोल जाऊन पडलात, तर तो खेळ झाला. पण जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती नीट ठेवली नाही आणि म्हणून पडलात, तर ती पाटी नुसती शोभेला.

आता आमच्याकडे कुठेही साफ, घोटलेलं, उन्हातलं सिमेंट दिसलं की बायांच्या मनात एकच विचार येतो: वाळवण. पहिल्याच उन्हाळ्यात तळ्याच्या उतारावर जुनी लुगडी अंथरून कुरड्या आणि पापड आले. पोरं आणि बाया यांच्यात तंटा होईल म्हणून मी नोटिशीचा मसुदासुद्धा डोक्यात तयार केला होता. काही झालं नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत पोरांनी खेळायचं, मग तळं बायांचं, आणि कावळे हाकलायचं काम पोरांकडे, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. ना ठराव, ना करार. पापड एकही मोडला नाही. नगर परिषदेच्या कोणत्याही मालमत्तेचा इतका शिस्तशीर वापर मी पाहिलेला नाही.

घोटाळा सोयाबीनने केला.

बांधकाम सभापती होते गजाननभाऊ. आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात एक गजानन असतो, म्हणून हे नाव लिहायला हरकत नाही. त्यांचं शेत गावाला लागून. त्या वर्षी सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या वेळी पावसाने गाठलं, मळलेलं सोयाबीन ओलं राहिलं. त्यांच्या आईने, शेवंतामायने, ते आणून कोरड्या तळ्यात पसरलं. पापड दिसतात, लुगड्यावर असतात. सोयाबीन दाण्यांचं, गोल आणि टणक. दुपारी ढग आले. शेवंतामायने दोन बाया घेऊन घाईघाईने सगळं पोत्यांत भरलं, खराटा मारला आणि घर गाठलं. पाऊस काही आला नाही. तळ्याच्या बुडाशी, सिमेंटच्या सांध्यांत, मूठभर दाणे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्फिया नेहमीसारखी उतरली. मी बाकावर होते. बुडाशी चाकाखाली काहीतरी आलं, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि ती पुढे गेली. हात खाली आला. तो आवाज लिहीत नाही. मी धावले, म्हणजे माझ्या वयाला धावणं म्हणतात तेवढी. ती रडत नव्हती. मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून तिने विचारलं, "मॅडम, ये क्या था?" तिच्या तळव्याला दोन दाणे चिकटले होते.

हाडाला आतून स्टीलची पट्टी बसवावी लागली. रफिकभाईंनी नगर परिषदेला नोटीस दिली. नगर परिषदेवर दावा करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, तो रिवाज त्यांनी पाळला. ती नोटीस उत्तरासाठी माझ्याकडे आली. मी साक्षीदार होते म्हणून दुसरा वकील नेमा, असं मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, दावा दाखल झाला तर पाहू, तोवर निदान सल्ला तरी द्या. असा सल्ला फुकट असतो, म्हणून नगर परिषदेला तो फार आवडतो.

गजाननभाऊ आले ते बचाव घेऊनच आले.

"मॅडम, आपून असं म्हणू का, दाणे चिमण्यायनं आणले."

मी विचारलं, "किती चिमण्या लागतील?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "कबुतरं म्हणू."

मी म्हटलं, आधी तुमच्या आईशी बोलते. शेवंतामाय मुलासोबत आली. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा ताठ. खुर्चीवर बसली नाही, बाकावर बसली.

"सोयाबीन तुमचं होतं?"

"हाव."

"तिथे वाळवायची परवानगी घेतली होती?"

"परवानगी कशाले? वाळवाची जागा हाय, वाळवलं." मग मुलाकडे पाहून म्हणाली, "अन् ह्यानंच तर सांगतलं, टाक तथी, मी सभापती हाय."

गजाननभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. आमचा "ठाऊक नव्हतं" हा बचाव त्याच बाकावर संपला. ज्या समितीने जागा सांभाळायची, तिच्या सभापतीनेच माल टाकायला सांगितलेला. सोयाबीन हा काही स्केटिंगमधला धोका नव्हे.

शेवंतामायला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, "पोरीचा हात कसा हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्या झाडलं होतं वं बाई. पण ढगाकडं पाहूनशान झाडलं." एवढं बोलून ती उठली.

मी सल्ला दिला: भांडू नका, लोक अदालतीत तडजोड करा, उपचाराचा खर्च द्या. हे सभेने पटकन मान्य केलं. पण जोडीला आणखी एक विषय आला. पुन्हा कोणी पडून नोटीस येऊ नये, यासाठी तळं मुरूम टाकून बुजवायचं. जबाबदारीतून सुटायचा हा नगर परिषदांचा सगळ्यात आवडता मार्ग असतो. पाळण्यावरून कोणी पडलं, पाळणा काढा. विहिरीचा कठडा मोडला, विहीर बुजवा. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. जिथे कोणी येत नाही तिथे कोणी पडत नाही.

अल्फियाला हे कळलं तेव्हा ती गळ्यात हात अडकवून माझ्या घरी आली. सोबत रफिकभाई. दारातच म्हणाली, "मॅडम, हात माह्या मोडला. तळ्याचं काय चुकलं?"

रफिकभाई म्हणाले, "मी तर म्हणतो बुजवू द्या. पन ही जेवून नाही राह्यली."

मी नगर परिषदेची वकील. अल्फियाच्या बाजूने बोलायचा मला अधिकार नव्हता. मी तेवढंच सांगितलं आणि चहा दिला. तिने तो डाव्या हाताने प्यायला.

तळं वाचवलं ते मी नाही आणि खेळणाऱ्या पोरांनीही नाही. मुरमाचं पहिलं ट्रॅक्टर बागेच्या फाटकापाशी आलं, त्या सकाळी बागेच्या दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांतल्या बाया आणि चार-दोन शेतकरी येऊन फाटकात उभे राहिले. एकीने ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "काऊन बे, आमचे पापड का तुह्या टपावर वाळवू?" स्केट पार्कच्या समर्थनार्थ जिल्ह्यात झालेलं हे पहिलंच आंदोलन असावं, आणि त्यात स्केटिंग येणारं कोणीही नव्हतं. ट्रॅक्टर परत गेलं. निवडणूक जवळ होती. सभेने ठराव स्थगित ठेवला, आणि स्थगित ठेवलेली गोष्ट आमच्याकडे चिरंजीव असते.

मग लोक अदालतीचा दिवस आला. पॅनेलसमोर आम्ही टेबलाभोवती बसलो: मुख्याधिकारी, गजाननभाऊ, रफिकभाई, अल्फिया आणि मी. शेवंतामाय कोणी न बोलावता आली आणि मागच्या बाकावर बसली. खर्चाचं ठरलं. रफिकभाई सही करणार तेवढ्यात अल्फिया म्हणाली, "एक आणखीन लिहा. तळं रोज सकाळी झाडून देतील, असं."

पॅनेलवरच्या न्यायाधीश बाईंना ते रास्त वाटलं. मुख्याधिकाऱ्यांनाही वाटलं. त्यांनी पेन उघडलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नगर परिषदेने रोज झाडावं, जरूर झाडावं. पण रोज झाडू असं लिहून द्यायचं नसतं. लिहून दिलं की ज्या दिवशी झाडणारा सुटीवर गेला तो प्रत्येक दिवस तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. आमच्या नगर परिषदेत झाडणारे किती आणि त्यांतले कामावर किती, हे मला ठाऊक होतं. माझी अशील नगर परिषद होती. मी म्हटलं, "असं लिहून देऊ नये, हा माझा सल्ला आहे."

पेन बंद झालं.

अल्फिया माझ्याकडे पाहत राहिली. बाकावर रोज बसणारी बाई ही नव्हेच, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिने सरळ विचारलं, "मंग मी उतरू कशी? खाली काय हाय ते वरून दिसत नाही."

रफिकभाईंनी सही केली. माझा सल्ला बरोबर होता. आज कोणी विचारलं तरी हाच देईन. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि सल्ला बरोबर असल्यामुळे ते कमी झालं नाही. बाहेर पडताना मागचा बाक रिकामा होता.

तिचं प्लॅस्टर निघालं. हात बराचसा सरळ झाला. ती सकाळी तळ्यावर येऊ लागली, पण उतरायची नाही. काठावर पाय सोडून बसायची, बोर्ड मांडीवर. दुसरी पोरं खेळायची, ही त्यांना काय चुकलं ते सांगायची. एकदा ती उभी राहिली, पुढचा पाय बोर्डावर ठेवला, बराच वेळ खाली पाहिलं आणि पुन्हा बसली. मी बाकावरून पाहत होते.

त्याच आठवड्यात शेवंतामाय सकाळी खराटा घेऊन तळ्यात उतरलेली दिसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. नगर परिषदेच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही, मी खात्री करून घेतली आहे. आपलं अंगण झाडावं तशी ती वरून खाली आली, बुडाशी पोचल्यावर खराटा बाजूला ठेवला, उकिडवी बसली आणि सांध्यांवरून तळवा फिरवू लागली. जे हाताला लागलं ते ओच्यात टाकलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. अल्फिया काठावरून पाहत असायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गजाननभाऊंनी आईला समजावून पाहिलं की सभापतीच्या आईने असं करणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "तू झाड मंग." तो विषय तिथेच मिटला.

असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी शेवंतामाय तळव्याने पाहणी संपवून वर आली, पण नेहमीसारखी निघून गेली नाही. अल्फियाजवळ उभी राहिली. धाप लागली होती.

"साफ हाय वं पोरी," ती म्हणाली. "उतर."

अल्फियाने विचारलं, "एक दाना बी नाही?"

"हात फिरवला म्या. नाई."

वकिलाच्या नजरेला जे दिसलं ते सांगते. दोन्ही पक्षांत लेखी काही नव्हतं. साक्षीदार एकच, तीही बाकावर बसलेली नगर परिषदेची वकील. हमी तोंडी होती, आणि तोंडी हमीला कोर्टात फारशी किंमत नसते.

अल्फिया उठली, पुढचा पाय दाबला आणि तेवढ्यावर उतरली.